कोरडी करून नेलेली पोर

ताई,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत माइकवर जेवढे बोलले, तेवढे सगळे एकच बोलले. "आजारपणाचा कुणाला पत्ता लागू दिला नाही." "स्वतःच्या दुखण्याचा कधी कुणाला त्रास दिला नाही." तुमचा सागर तर रडत रडत म्हणाला, "आईनं शेवटपर्यंत आम्हाला काही कळू दिलं नाही, अशी आई सगळ्यांना मिळो." पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका माना डोलवत होत्या. समोर मेणबत्त्या, त्यांच्यामागे तुमचा फोटो, आणि त्यात तुम्ही नेहमीसारख्या ओठ मिटून हसताय. मला वाटत होतं, उठावं, माइक हिसकून घ्यावा आणि विचारावं, अरे, हे काय कौतुक आहे? बाई लपवून लपवून गेली आणि तुम्ही शाबासकी कसली देताय?

उठले नाही. मंडळाच्या भाऊंनी "धाकट्या सूनबाई आता दोन शब्द बोलतील" म्हणून पुकारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, बिचारीला गहिवरून आलं. गहिवरून बिहिवरून काही नाही, डोकं सणकलं होतं माझं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता तुम्हाला. एवढ्या भाषणांत हे शब्द कुणी तोंडातून काढले नाहीत. 'पोटाचा विकार' म्हणाले. म्हणून जे माइकवर बोलले नाही ते आता तुमच्याशीच बोलते.

आपण जावा-जावा. मी लग्न होऊन बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आले त्याच आठवड्यात तुम्ही मला बजावलं होतं, "हे बघ सुनीता, भांडायचं तर तोंडावर भांड. भांडी आपटायची नाहीत." भांडलो की मग! आमटीतल्या मिठावरून भांडलो, गच्चीवरच्या दोरीवरून भांडलो, समोरासमोरच्या दोन फ्लॅटची दारं उघडी ठेवून अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं भांडलो. मी 'अहो ताई' म्हणून भांडायचे, तुम्ही 'अगं ए' म्हणून. पण त्यातलं एक भांडण अर्ध्यावर राहिलंय, आणि उरलेलं मी आता कुणाशी भांडू?

मितूला वाढवलं तुम्ही. ते आधी कबूल करते, नाहीतर म्हणाल, धाकटी उपकार विसरली. ती सहा महिन्यांची असताना मी अंबरनाथच्या कंपनीत परत रुजू झाले. रंगाच्या कारखान्यातली लॅब, सुट्टी मागायची सोय नाही. सकाळी पोर तुमच्या मांडीवर द्यायची आणि अंधार पडता पडता परत घ्यायची. संघमित्रा एवढं मोठं नाव आम्ही ठेवलं आणि तुम्ही दोन दिवसांत त्याचं मितू करून टाकलंत. ती तुम्हाला मोठी मम्मी म्हणायची. मी नुसती मम्मी.

मितू तीन वर्षांची झाली, शू सांगायला लागली, शहाण्यासारखी बाथरूममध्ये जाऊन करून यायची. आणि तरी चड्डी ओली. आत्ता जाऊन आली, पाच मिनिटांत परत ओली. धार नाही काही, नुसता पाझर. झोपेत, खेळताना, जेवताना, कायम. आपल्याला वाटलं होईल नीट. चार वर्षं झाली, पाच झाली, नीट काही होईना. तिच्या मांड्या सोलवटून लाल व्हायच्या आणि आंघोळीच्या वेळी ती ओरडायची.

तुम्ही कंबर कसलीत. उल्हासनगरला जाऊन होजिअरीची कात्रणं किलोवर आणायचात, धुवायचात, उकळायचात आणि त्याच्या घड्या शिवायचात. ती कात्रणं लोक गाड्या पुसायला नेतात. एकदा मी तुमच्याबरोबर होते, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "इतना माल ले जाती हो माई, गॅरेज है क्या?" तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, "हां, गॅरेज है." बाहेर येऊन आपण इतक्या हसलो की रिक्षावाला बघत राहिला. मितू शाळेत जायला लागली तेव्हा रोज मधल्या सुट्टीत तुम्ही फाटकापाशी उभ्या. पोरीला बाथरूममध्ये न्यायचं, घडी बदलायची, पुसायचं, पावडर लावायची, परत वर्गात. बाईंनी वासाची तक्रार केली म्हणून तुम्ही बाईंशी भांडलात, आणि एका पोरीनं मितूला 'मुतरी' म्हटलं म्हणून त्या पोरीच्या आईशी. माझ्याच्यानं हे झालं नसतं.

पण तुम्हीच तिला एक शिकवलं होतंत. कुणाच्या घरी गेलं की सोफ्यावर बसायचं नाही, उभं राहायचं. "बस ना बाळा," लोक म्हणायचे. "नको." वाढदिवसाला सगळी पोरं गादीवर लोळतायत आणि ही खिडकीला टेकून केक खातेय. लोक म्हणायचे, किती लाजरी आहे! लाजरी कसली, बडबडी होती ती. घरी आली की कान खायची आपले.

डॉक्टर काय कमी केले? बदलापूरला एक, अंबरनाथ पूर्वेला दोन. एक म्हणाले जंत आहेत. एक म्हणाले सवय आहे, आजी-काकूंनी लाड कमी करा. तिसऱ्यांनी रात्रीच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल. मी कंपनीतून परस्पर दवाखान्यात पोचायचे आणि तुम्ही मितूला घेऊन आधीच बाकावर बसलेल्या. पोर कशी? नवा फ्रॉक, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या, मानेवर पावडर. डॉक्टर विचारायचे, "आत्ता ओली आहे का?" तुम्ही म्हणायचात, "नाही हो." फ्रॉक जरासा वर करून बघितला की सगळं खडखडीत कोरडं. मग ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की बाई, तुम्ही नोकरी करता, तुम्हाला काय माहीत. "वाढत्या वयात जाईल." चला, पुढचा पेशंट!

मितू सात वर्षांची झाली तेव्हा उल्हासनगरच्या त्या बालशल्यचिकित्सक बाईंकडे गेलो. माझ्या लॅबमधल्या एका मुलीनं नाव सुचवलं होतं. पुन्हा तोच थाट. तोच फ्रॉक, त्याच वेण्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शूला नीट जाते, तरी मधल्या वेळात कायम ओली, हे त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "अभी गीली है?"

आणि तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "नाही नाही! कालपासून पाण्याचा थेंब दिला नाही. सकाळी दोन टोस्ट, तेपण कोरडे. पोरीला अगदी कोरडी करून आणलीय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हर बार ऐसेही लाते हो?"

"मग? डॉक्टरकडे काय घाण घेऊन जातात?"

मला हे माहीत नव्हतं ताई. स्वच्छ करून आणता एवढं दिसत होतं. आदल्या दिवशीपासून पाणी तोडता, रिक्षात घडी बदलता, नंबर यायच्या आधी तिथल्या बाथरूममध्ये नेऊन परत धुता, हे मला कोण सांगणार? तुमचं एकच, की शहाण्या घरातली पोर दिसली पाहिजे. आमच्या लॅबमध्ये असं होतं कधी कधी. नवा ऑपरेटर टाकीतला गाळ ढवळायचा सोडून वरचा छान चकचकीत रंग बाटलीत भरून आणतो, सॅम्पल पास होतं, आणि अख्खा माल परत येतो. मी त्यांना फाडून खाते. आणि इथं माझी पोर बाटलीत भरून आणल्यासारखी नेत होतात तुम्ही, दर वेळी, प्रेमानं.

बाई म्हणाल्या, "पानी पिलाओ." तुम्ही पर्समधल्या बाटलीला हात लावेनात. "इथं? आणि मग झालं तर?" "होने दो." मी बाटली काढून दिली. मितू गटागटा प्यायली, मध्ये श्वास घ्यायलाही थांबेना. एवढी तहानलेली पोर! तिनं बाटली खाली ठेवली आणि भीत भीत तुमच्याकडे बघितलं, की रागावणार का. ते मला अजून सहन होत नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं बाईंनी तिला आधी बाथरूमला पाठवलं, सगळी शू करून ये म्हणाल्या. मग आतल्या टेबलावर आडवी केली, खाली पांढरी गॉज ठेवली, दिवा जवळ ओढला आणि स्टूल घेऊन बसल्या. नुसत्या बसल्या हो! बाहेर गर्दी, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या होतात. आणि मग बाई म्हणाल्या, "ताई, इधर आओ. देखो." शूच्या जागेपासून जरा खाली, जिथं काही यायचं कारण नाही तिथून, एक थेंब फुगला आणि गॉजवर उतरला. बाईंनी पुसला. परत आला.

मग त्यांनी सांगितलं. डाव्या किडनीला एक नळी असते तिथं मितूला दोन आहेत, जन्मापासून. एक बरोबर मूत्राशयाच्या पिशवीत जाते. दुसरी वाट चुकली, पिशवीत न जाता खाली बाहेरच उघडली. पिशवीला तोटी आहे, पण हा पाइप तोटीच्या पलीकडेच निघालाय, तो बंद कसा होणार? टपकतच राहणार. सोनोग्राफीत हे कधी कधी दिसत नाही. मुलींमध्येच असं कायम गळतं, आणि बरेचदा वर्षानुवर्षं सवय म्हणून खपून जातं. ऑपरेशननं पूर्ण बरं होतं.

मितू टेबलावरून म्हणाली, "म्हणजे मी मुद्दाम करत नाही?"

"नहीं बेटा. बिलकुल नहीं."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. तुम्ही तिची चड्डी चढवायला लागलात आणि एकदम बाईंवरच उखडलात. "मग आधी कुणीतरी सांगायचं ना, की ओली घेऊन या म्हणून! आम्हाला काय स्वप्न पडणार?"

मला तेव्हा तुमचा असा राग आला! आज वाटतं, चूक काय बोललात? तिघा डॉक्टरांपैकी एकाला पाच मिनिटं स्टुलावर बसून बघावंसं वाटलं नाही. आपण सांगतोय ते खरं असेल, एवढं धरून चालावंसं वाटलं नाही. कोरडी पोर बघितली, घरच्या बायका वेड्या ठरवल्या, संपला विषय.

पण रिक्षात आपलं भांडण झालंच. मी म्हटलं, "तुमच्या ह्या स्वच्छतेपायी पोरीची तीन-चार वर्षं गेली." तुम्ही म्हणालात, "माझ्या स्वच्छतेपायी पोर शाळेत टिकली. नाहीतर पहिल्या महिन्यात घरी पाठवली असती. तू होतीस का मधल्या सुट्टीत?" मितू आपल्या दोघींच्या मध्ये बसून पाण्याची दुसरी बाटली पीत होती. तेच हे अर्धं राहिलेलं भांडण. त्यानंतर आपण ते कितीदा तरी सुरू केलं, पण दर वेळी कुणीतरी यायचं किंवा कुकरची शिट्टी व्हायची.

ऑपरेशन मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात झालं. एमआरआयमध्ये दिसलं की किडनीचा तो वरचा भाग बऱ्यापैकी काम करतोय, म्हणून तो ठेवला, आणि वाट चुकलेली नळी सोडवून मूत्राशयात नीट बसवली. पण त्याआधी तुम्ही मला किती छळलंत! "खालचं ऑपरेशन. उद्या मूल होईल का तिला? लग्नाच्या वेळी कोण पुढं येईल?" सर्जनबाईंनी समजावलं, त्याचा गर्भाशयाशी काही संबंध नाही, सगळं व्यवस्थित होईल. तुम्ही मान हलवलीत आणि घरी येऊन सगळ्यांना फोन केलात की मितूचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे.

"ताई, सात वर्षांची आहे ती! कुठलं लग्न?"

"आज सात, उद्या सतरा. तू गप."

नातेवाईक सफरचंदं घेऊन यायचे आणि अपेंडिक्सच्या गोष्टी सांगायचे, अमक्याचं फुटलं, तमक्याचं वाचलं. मितू तोंड उघडायला लागली की तुम्ही तिच्या तोंडात सफरचंदाची फोड घालायचात. लघवीची पिशवी कॉटला लावलेली असायची, तुम्ही त्यावर ओढणी टाकून ठेवायचात. नर्स येऊन ओढणी काढायची, तुम्ही परत टाकायचात. मी म्हटलं, अहो, तिला लाज कशाची वाटायला शिकवताय? आता तर बरी होतेय ना ती! तुम्ही म्हणालात, "जगाचं तोंड तू धरणार आहेस का?"

आणि तरी, ताई, त्यानंतरची ती गोष्ट आठवली की माझा सगळा राग पातळ होतो. नळ्या निघाल्या, घरी आलो, आणि सकाळी चादर कोरडी. तुम्ही हात फिरवून बघितलंत, मग उलट्या हातानं बघितलंत, मग गाल लावून बघितलंत. आठवडाभर तुमचा विश्वासच बसेना. आणि मग एका रविवारी तुम्ही मितूला नवा फ्रॉक घातलात आणि तिला घेऊन हेंद्रेपाड्यात घरोघर हिंडलात. काही काम नाही, निरोप नाही, नुसतं जायचं. आत गेलं की तुम्ही म्हणायचात, "बस गं, सोफ्यावर बस. नीट मागं सरकून बस." ती बसायची. तुम्ही समोर उभ्या राहून बघत राहायच्या. चहा घ्यायचा, उठायचं, जाता जाता सोफ्यावरून सहज हात फिरवायचा, पुढचं घर. लोकांना कळेना ह्या बाईला आज झालंय काय. खरवईला तुमची मावसबहीण राहते, तिच्याकडे नवा मखमली सोफा आलाय म्हणून तिथंसुद्धा रिक्षा करून नेलीत. संध्याकाळी मितू मला म्हणाली, "मम्मी, मी आज अकरा सोफ्यांवर बसले!" आणि तुम्ही बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतात. माणसानं कुणावर असं प्रेम करावं, आणि असं खुळ्यासारखं करावं, हे मी तुमच्याकडेच बघितलं.

मग एवढं सगळं डोळ्यांनी बघितलेली बाई तुम्ही, स्वतःच्या वेळी काय केलंत?

पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती तुमची. परत लाल जायला लागलं. हे आम्हाला कधी कळलं, तर हॉस्पिटलात. त्याच्याआधी तुम्ही नुसती कंबर धरून बसायच्या. चेहरा पांढरा पडत चालला होता, जिन्यात दम लागायचा. मीच जबरदस्तीनं बदलापुरातल्या बायकांच्या डॉक्टरकडे नेलं. तुम्ही दोनदा आंघोळ केलीत त्या दिवशी. मी बाहेर "चला हो, नंबर जाईल" म्हणून ओरडतेय. डॉक्टरनं सरळ विचारलं, "अंगावर काही जातं का?" तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "छे, काही नाही." आतून तपासायचं म्हटलं तर "आज नको, पुढच्या वेळी." पुढची वेळ आलीच नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी आलो आणि येताना वडापाव खाल्ला.

नंतर तुम्हाला हॉस्पिटलात दाखल केल्यावर तुमच्या बाथरूमच्या माळ्यावर मला कात्रणांची पिशवी सापडली. नवी. मितूला तर कधीची गरज राहिली नव्हती. म्हणजे तुम्ही एकट्या उल्हासनगरला जात होतात, एकट्या धुवत होतात, एकट्या उकळत होतात. आणि आम्ही समोरच्या दारात राहून तुम्हाला विचारत होतो, आज काय भाजी केलीत? मला तेव्हा तुम्हाला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तोवर तुमच्या हाताला सलाईन होतं.

मी विचारलं होतं तुम्हाला, का केलंत असं. तुम्ही कुशीवर वळून म्हणालात, "मितूचं वेगळं. लेकरू होतं ते. माझं काय दाखवायचं ह्या वयात?" पोरीसाठी तुम्ही अख्खा हेंद्रेपाडा पालथा घातलात, आणि स्वतःसाठी एका बाईसमोर 'हो, जातं' एवढे दोन शब्द निघाले नाहीत! हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, आधी आल्या असत्या तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मी रोज पूर्ण करते.

आता खरं सांगायचंय ते. परवा सगळे गेले, खुर्च्या मांडववाल्यानं नेल्या, मी खिरीचं पातेलं घासत होते. मितू कप गोळा करत होती. तेरा वर्षांची झालीय, माझ्या खांद्याला लागते. चौथ्यांदा बाथरूममध्ये गेली तेव्हा माझं लक्ष गेलं. बाहेर आली तर चेहरा लाल. कपाळाला हात लावला, तापलेलं.

"काय होतंय गं?"

"काही नाही."

ताई, तुमचाच सूर. तसाच, खालच्या पट्टीत, तोंड फिरवून. मी पातेलं बाजूला सारलं.

"मितू, खरं सांग."

"जळजळतंय. शू करताना."

"कधीपासून?"

"मोठी मम्मी गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

आपल्याला उल्हासनगरच्या बाईंनी हजारदा सांगितलंय, ताप आला, जळजळ झाली, लघवीला वास आला की त्याच दिवशी या. तिच्या त्या किडनीला असं दुखणं परवडणारं नाही. अंगावर काढायचं नाही. मितूला हे पाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मी ओरडले तिच्यावर, "मग बोलली का नाहीस?"

"घरात सगळे रडत होते." आणि मग म्हणाली, "आणि सगळे म्हणत होते ना, मोठी मम्मी किती चांगली होती, कधी कुणाला त्रास दिला नाही."

बघितलंत? बघितलंत काय करून गेलात? माइकवरची एकूण एक भाषणं माझ्या पोरीनं मन लावून ऐकली, ताई. चांगली बाई म्हणजे काय, ते तिला तिथं कळलं. आणि तुमच्यासारखं चांगलं व्हायचं म्हणून ती आठवडाभर दात खाऊन बसली.

मी तिला ओल्या हातानं धरून मोरीपाशीच बसवलं आणि सगळं सांगितलं. कॅन्सर कुठे होता, काय जात होतं, किती महिने जात होतं, डॉक्टरनं विचारल्यावर मोठी मम्मी काय म्हणाली. बाहेरच्या खोलीत सागर होता, त्यानं "काकी, आत्ता कशाला" म्हणून हाक मारली. मी म्हटलं, "आत्ताच! आत्ता नाही तर कधी?" मितूला म्हटलं, मोठी मम्मीसारखी चांगली बाई मी बघितली नाही, आणि तिनं केलं ते साफ चुकीचं केलं, आणि मी तिच्यावर चिडलेय, आणि तूही चीड. ती खूप रडली. मला म्हणाली, "मग हे कुणीच का नाही सांगितलं?"

काल तिला उल्हासनगरला घेऊन गेले. लघवी तपासायला दिली, सोनोग्राफी केली. इन्फेक्शन वर किडनीपर्यंत चढायला लागलंय, इंजेक्शनं सुरू केलीत. बाई म्हणाल्या, अजून दोन दिवस थांबला असतात तर दाखल करावं लागलं असतं. किडनीला कितपत लागलंय ते पुढच्या तपासणीत कळेल. तोवर माझा जीव टांगणीला. तुमच्यावरचा राग काही कमी होत नाही, आणि हे पहिलं कुणाला सांगायचं तर तुम्हालाच, दार उघडून, "अहो ताई" म्हणून.

नंबर लागायच्या आधीची गोष्ट सांगते. बाहेर बाकांवर ही गर्दी, बाप्ये, बायका, पोरं. कंपाउंडरनं केस पेपर काढता काढता विचारलं, "क्या तकलीफ है?" मी तोंड उघडायच्या आत मितूच बोलली. चांगल्या खणखणीत आवाजात. "शू करताना जळजळतंय. ताप आहे. आज थोडं रक्त पण आलं. लहानपणी माझं नळीचं ऑपरेशन झालंय, अपेंडिक्सचं नाही." सगळा दवाखाना वळून बघायला लागला.

तुम्ही असता तर माझ्या दंडाला असा कचकन चिमटा काढला असता. "अगं, पोरीला हळू बोल म्हण! किती माणसं बसलीत!" आणि मी तिथंच, सगळ्या माणसांसमोर, तुमच्याशी कडाकडा भांडले असते. मी तयारच होते. दंड आखडून मी बाजूला वळले पण. तिथं दुसरीच कुणी बाई बसली होती.